तोल सांभाळावा कसा? फुगडीपासून वाऱ्याच्या फळीपर्यंत

विश्रांतवाडीहून महापालिकेकडे जाणाऱ्या बसमध्ये सकाळच्या गर्दीत कधी उभ्याने प्रवास केला आहे? केला असेलच. खांद्याला पर्स, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने वरची दांडी धरलेली. नव्याने जाऊ लागलेली बाई प्रत्येक ब्रेकला शेजारणीच्या अंगावर जाते आणि ‘सॉरी हं’ म्हणते. रोजची जाणारी मात्र मैत्रिणीशी बोलत निवांत उभी असते. ब्रेक लागल्याचे तिला जणू कळतही नाही.

या रोजच्या बाईच्या पायांकडे एकदा नीट पाहा. ते एकमेकांना चिकटलेले नसतात. एक पाय जरा पुढे, दुसरा मागे, मध्ये वीतभर किंवा थोडे अधिकच अंतर. गुडघे ताठ नसतात. दांडी ती आवळून धरत नाही, तिच्यावर हात नुसता ठेवलेला असतो. आणि तिची नजर खाली पायांकडे नसते.

तिला हे कुणी शिकवलेले नाही. पण समुद्रावर विंडसर्फिंग शिकवणारा शिक्षक पहिल्या दिवशी वाळूवर फळी ठेवून जे सांगतो, ते हेच असते. पाय रुंद, गुडघे सैल, हात हलके, नजर पुढे. या खेळाची पुढची पायरी म्हणजे विंडसर्फ फॉइलिंग. त्यात तर फळी पाण्यावरून चक्क वर उचलली जाते, आणि माणूस हवेत तरंगत गेल्यासारखा दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, ‘अहो, समुद्र आमच्यापासून घाट उतरून चार तासांवर. आम्हाला या खेळाशी काय करायचंय?’

दोन कारणांनी करायचे आहे. एक म्हणजे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून हा खेळ घराघरातल्या पडद्यावर आला आहे. उद्या तुमची लेक गोव्याच्या सहलीत ‘आई, मला हे शिकायचंय’ म्हणाली, तर तो प्रकार काय आहे आणि त्यात जपायचे काय, हे आईला ठाऊक असलेले बरे. कुणी सांगावे, तुम्हालाही शिकावेसे वाटेल! दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तोल सांभाळणे ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या उतारवयाशी बांधलेली आहे, आणि ती कशी शिकावी हे या खेळाइतके स्पष्ट क्वचितच दुसरे कुणी शिकवते.

हा प्रकार आहे तरी काय?

विंडसर्फिंग म्हणजे एक रुंद फळी आणि तिच्यावर बसवलेले शीड. शिडाची डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नसते. ती खालच्या सांध्यावर चहूबाजूंनी झुकू शकते. म्हणून शीड उभे ठेवायचे ते माणसानेच, आपल्या हातांनी आणि अंगाच्या भाराने. वेगळे सुकाणू नसते. शीड पुढे झुकवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते.

या खेळाच्या जन्मात एका गृहिणीच्या शिवणकामाचाही वाटा आहे, बरे का! १९६४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात न्यूमन डार्बी या गृहस्थांनी फळीवर हाताने तोलायचे शीड बसवून पाहिले. ते शीड शिवले होते त्यांच्या पत्नी नेओमी यांनी. पुढे कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी आजच्या धर्तीची फळी तयार केली. त्यांना १९७० साली तिचे पेटंट मिळाले.

आता फॉइल म्हणजे काय? विश्रांतवाडी-धानोरीकडे राहणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही. लोहगावची विमाने आपल्या डोक्यावरूनच जातात. तसले एक छोटे विमान फळीच्या खाली, पाण्यात उलगडून ठेवले आहे अशी कल्पना करा. फळीच्या मागच्या भागातून एक खांब खाली पाण्यात जातो. त्याच्या टोकाला आडवी दांडी, तिला पुढे मोठा पंख आणि मागे छोटा पंख. फळीला वेग आला की हा पंख पाणी खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असते. त्यामुळे विमानाला जे प्रचंड पंखांनी साधते, ते पाण्यात ताटाएवढ्या पंखाने साधते. फळी पाण्याबाहेर आली की पाण्याचे घर्षण एकदम कमी होते, आणि थोड्या वाऱ्यातही वेग वाढतो.

ऑलिंपिकमध्ये जी फळी वापरतात ती ९५ सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या खालचा खांबही ९५ सेंटिमीटरचा. पुरुषांचे शीड ९ चौरस मीटरचे, स्त्रियांचे ८ चौरस मीटरचे. शिकाऊ माणसाला यापेक्षा लहान शीड आणि आखूड खांब देतात.

‘या वयात कुठे?’

हे वाक्य आपल्या तोंडी अगदी बसले आहे. पोहायला शिकायचे म्हटले तरी तेच, स्कूटर शिकायची म्हटले तरी तेच. म्हणून दोन बायकांची गोष्ट सांगते.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे विंडसर्फिंग १९९२ साली सुरू झाले. पुरुषांचे आठ वर्षे आधी, १९८४ साली. त्या पहिल्याच वर्षी न्यूझीलंडच्या बार्बरा केंडॉलने सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर ती २००८ पर्यंत सलग पाच ऑलिंपिकमध्ये उतरली. शेवटच्या वेळी तिचे वय चाळीस होते. इटलीच्या आलेस्सान्द्रा सेन्सिनीने २००० साली सुवर्णपदक मिळवले आणि २००८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, रौप्यपदक. अर्थात या दोघी जन्मभर पाण्यावर वाढलेल्या. तुमची-आमची त्यांच्याशी बरोबरी नाही. पण चाळिशीत तोल संपतो हा समज तरी त्यांनी खोटा ठरवला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये जुन्या फळीच्या जागी फॉइलची फळी आली. समुद्रावरच्या त्या शर्यती मार्सेय येथे झाल्या आणि स्त्रियांचे सुवर्णपदक इटलीच्याच मार्ता माज्जेत्तीने मिळवले.

आपल्याकडे म्हणाल, तर गोव्याच्या कात्या कुएल्हो आणि तिचा भाऊ डेन ही बहीणभावंडे या खेळात नावाजलेली आहेत. २०१८ च्या जकार्ता एशियाई क्रीडास्पर्धांत विंडसर्फिंगच्या मिश्र शर्यतीत ती दोघे भारतातर्फे उतरली होती. पुढच्या, म्हणजे २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या एशियाई स्पर्धांत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले.

आणि पुणेकरांना पाणी परके आहे असेही नाही. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

पहिला धडा : वाऱ्याशी फुगडी

मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी समोरासमोर उभ्या. हात फुलीसारखे गुंफलेले, पाय जवळ, आणि दोघीही मागे रेललेल्या. एकीचा भार दुसरीने पेललेला. जी नवखी असते ती काय करते? घाबरून कोपरे वाकवते, जोडीदारणीला स्वतःकडे ओढते, कमरेत वाकते. मग फुगडी अडखळते. जी सरावलेली असते ती हात सरळ सोडते, अंग एका रेषेत ठेवते आणि विश्वासाने मागे झुकते. तेव्हाच गिरकीला रंग चढतो.

विंडसर्फिंगमध्ये वारा हा आपला जोडीदार. तो शीड ओढतो, आपण आपला भार मागे टाकून त्याला तोलतो. शिकताना पायऱ्या अशा असतात :

पहिल्यांदा शीड पाण्यात आडवे पडलेले असते. फळीवर डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून, खांद्यांइतके अंतर राखून, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. मग दोरीने शीड उचलायचे. इथे सगळ्या बायका एक गोष्ट करतात. विहिरीतून बादली ओढल्यासारखी कमरेतून ओढतात, आणि रात्री कंबर धरते. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर अंग मागे टाकायचे, म्हणजे शीड आपसूक वर येते. भरलेली घागर किंवा धान्याचा डबा उचलतानाही हाच नियम.

शीड उभे झाले की पाय थोडे मागे घ्यायचे. पुढचा पाय डोलकाठीजवळ, मागचा त्याच्यापासून हात-दीड हात मागे. दोन्ही हात शिडाच्या आडव्या दांडीवर. पुढचा हात शीड जागेवर धरतो, मागचा हात वारा भरतो. मागचा हात जवळ घेतला की शीड भरते, सैल सोडला की रिकामे होते. दार लोटल्या-उघडल्यासारखेच म्हणा ना!

फुगडीपेक्षा एक फरक मात्र आहे. फुगडीत जोडीदारीण एकदम हात सोडत नाही. वारा सोडतो! एखादी झुळूक थांबली की रेललेली बाई पाठीवर पाण्यात जाते. आणि एकदम जोराचा झोत आला की शीड तिला पुढे खेचते. म्हणून भार मागे टाकायचा तो मोजून, गुडघे नेहमी थोडे वाकलेले ठेवून. झोत आला की घाबरून दांडी आवळायची नाही. मागचा हात सैल करायचा, म्हणजे वारा निसटून जातो. हा एक नियम अंगात मुरला तरी निम्मी भीती जाते.

आणखी एक गोष्ट आपल्यालाच विशेष सांगण्यासारखी आहे. लहानपणापासून आपण ऐकत आलो, ‘पाय जवळ घेऊन नीट उभी राहा, पसरून उभी राहू नकोस.’ चारचौघांत ते शोभत असेल, पण फळीवर पाय जवळ घेतले की तोल गेलाच. पाया रुंद असला तरच वरचे अंग निर्धास्त राहते. उतरंडीची सर्वांत मोठी घागर तळाला ठेवतात, ती काय उगीच? तेव्हा पाण्यावर गेलात तर जागा व्यापून उभ्या राहा. तिथे कुणी नावे ठेवायला येत नाही.

दुसरा धडा : डोक्यावर तुळस

आता फॉइलकडे वळू. इथे फुगडीची शिकवण अर्धीच उपयोगी पडते. उरलेली अर्धी आपल्याला आळंदी रस्त्यावर मिळते. माउलींची पालखी पुण्याकडे येताना विश्रांतवाडीवरून जाते, तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माळकरणी आपण पाहतो. रस्ता खडबडीत, गर्दीचा रेटा, पावसाची सर. तरी वृंदावन हलत नाही. त्यांचे डोके आणि खांदे स्थिर असतात. सगळी हालचाल कमरेखाली, गुडघ्यांत आणि पावलांत.

फॉइलवर नेमके असेच उभे राहायचे असते. साध्या फळीवर जेवढे रेलतो तेवढे सुरुवातीला रेलायचे नाही. अंग जवळजवळ उभे, गुडघे सैल, मान सरळ, नजर पुढच्या किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर.

वेग आला की मागच्या पायावर किंचित भार द्यायचा. फळीचे तोंड उचलते, आणि पाहता पाहता फळी पाण्याबाहेर येते. लाटांचा खडखडाट एकदम बंद होतो, अंगाखालचा आधार गेल्यासारखे वाटते, आणि पोटात गोळा येतो. शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते.

भीती वाटली की माणूस मागे सरतो. जिन्यात पाय घसरला, कुत्रे अंगावर आले, समोरून ट्रक आला, की आपण मागे होतो. ती उपजत बुद्धी आहे. पण फॉइलवर मागे सरलात की भार मागच्या पायावर जातो, फळीचे तोंड आणखी वर होते, फळी आणखी चढते. चढता चढता पंखच पाण्याबाहेर येतो, त्याचा उचलण्याचा जोर संपतो, आणि फळी माणसासकट दाणकन खाली आपटते. म्हणजे घाबरून आपण जे करतो, त्यानेच ज्याची भीती होती ते घडते!

म्हणून शिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात : फळी उचलली की लगेच पुढच्या पायावर भार द्या. पुढचा पाय दाबला की फळी खाली बसते, मागचा दाबला की वर चढते. या दोहोंच्या मध्ये, पावलांच्या लहानशा दाबाने, तिला एका उंचीवर राखायचे. भार बदलायचा तो अगदी थोडा. आमटीत मीठ घालताना चिमटीने घालतो, मुठीने नाही, तसा.

पायांकडे पाहायचा मोह फार होतो. पाहू नका. मान खाली गेली की खांदे पुढे येतात, खांदे आले की भार सरकतो. रांगोळी घालणारीने बोटांकडे पाहावे, फळीवरच्या बाईने दूर पाहावे.

कमरेला एक पट्टा असतो, त्याच्या आकड्यात शिडाची दोरी अडकवतात. त्यामुळे शिडाची ओढ हातांऐवजी कमरेवर येते. आपला थोडा भार या पट्ट्यातून शिडावर टाकला की तो डोलकाठीवाटे फळीच्या पुढच्या भागावर उतरतो, आणि तिचे तोंड शांत राहते. शिकताना मात्र आधी पट्ट्याशिवाय सराव करवतात आणि पाय फळीवरच्या पट्ट्यांत अडकवू देत नाहीत. पडताना पाय मोकळे असलेले बरे.

पहिले काही दिवस फार वर उडण्याची हौस धरायची नाही. वीतभर वर उचलायचे, चार-पाच श्वास राहायचे, आणि पुढचा पाय दाबून आपण होऊन खाली यायचे. स्कूटर शिकवणारा शहाणा माणूस आधी ब्रेक शिकवतो आणि मग वेग. इथेही आधी उतरायला शिकायचे. आपल्या इच्छेने खाली येता येते हे एकदा पटले, की वर जायची भीती राहत नाही.

तोल शरीरात राहतो कुठे?

‘माझा तोलच नाही गं’ असे आपण सहज म्हणतो, जणू तो जन्मतः मिळायचा दागिना आहे आणि आपल्या वाट्याला आला नाही. वस्तुस्थिती तशी नाही. तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो. पहिले ठिकाण कानाच्या आतले. तिथल्या द्रव भरलेल्या सूक्ष्म नळ्या डोके कुठे वळले ते सांगतात. दुसरे डोळे. तिसरे तळपाय, घोटे, गुडघे यांतल्या नसा, ज्या भार कुठे पडला ते कळवतात. मेंदू या तिन्ही बातम्या जुळवतो आणि स्नायूंना हुकूम देतो. अगदी स्वस्थ उभे असतानाही शरीर किंचित झुलत असते आणि स्वतःला सावरत असते.

वय वाढते तशा या बातम्या मंद होतात, स्नायूंचा जोर कमी होतो. त्यात पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे अधिक वेगाने ठिसूळ होऊ लागतात. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आणि चालती-फिरती आजी अंथरुणाला खिळली, असे एखादे तरी घर तुमच्या माहितीत असेल. एकदा पडलेली बाई मग पडायच्या भीतीने हालचालच कमी करते. जिना टाळते, बाहेर जाणे टाळते. हालचाल कमी झाली की पायांचा जोर आणखी कमी होतो, आणि पडण्याचा धोका वाढतो. फॉइलवर घाबरून मागे सरणाऱ्या बाईसारखेच हे आहे, फक्त वर्षानुवर्षे चाललेले.

२०२२ साली ब्राझीलमधील डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना त्यांनी एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले होते. सुमारे पाचांतल्या एकाला ते जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एका पायावर उभे राहता न येण्यानेच माणूस दगावतो असा याचा अर्थ नव्हे. अशा लोकांच्या प्रकृतीच्या इतर तक्रारीही अधिक होत्या. पण तोल हे एकूण प्रकृतीचे बोलके लक्षण आहे एवढे त्यातून दिसते. आणि सरावाने तोल सुधारतो, साठी-सत्तरीतही सुधारतो.

घरच्या घरी सराव

फळी असो वा नसो, पुढील सराव रोज दहा मिनिटे केल्यास हरकत नाही. हाताशी ओटा, भिंत किंवा जड टेबल असू द्या. ओल्या फरशीवर किंवा मोजे घालून करू नका.

१. ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना गुडघे ताठ करून एका कुल्ल्यावर भार टाकायची सवय असते. त्याऐवजी पाय खांद्यांइतके रुंद ठेवा, गुडघे जरासे सैल. दोन्ही तळव्यांवर भार सारखा पडतो का, ते पाहा. कंबर कमी दुखते, हा वरचा फायदा.

२. एक पाय पुढे, एक मागे घेऊन उभ्या राहा. भार हळूहळू पुढच्या पायावर न्या, मग मागच्या. डोके वरखाली होऊ देऊ नका. फॉइलवरची पावलांची भाषा ती हीच. वीस वेळा करा, मग पाय बदला.

३. एका पायावर उभ्या राहा. सुरुवातीला एक बोट ओट्याला टेकलेले असू द्या. दहा आकडे मोजता आले की बोट काढा. नजर समोर एखाद्या खिळ्यावर किंवा कॅलेंडरवर ठेवा.

४. हे जमू लागले की गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर उभ्या राहा. खालचा पाया मऊ झाला की घोट्यांना काम पडते, समुद्रावर पडते तसेच.

५. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. मांड्यांत जोर असल्याशिवाय तोल टिकत नाही.

योगासने करणाऱ्या भगिनींनी वृक्षासन आणि वीरभद्रासन भिंतीच्या आधाराने करावे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली पत्नी रमामणी यांच्या नावाने योगसंस्था उभारली. भिंत, खुर्ची, पट्टे यांचा आधार घेऊन वयस्करांनाही आसने करता येतात, हे त्यांनी जगाला दाखवले. आधार घेण्यात कमीपणा काही नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

तुम्हाला किंवा लेकीला खरोखरच शिकायचे असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा :

आधी पोहणे. शहरातल्या अनेक तलावांत स्त्रियांसाठी वेगळी वेळ असते. खोल पाण्यात न घाबरता पाच-दहा मिनिटे तरंगता येईपर्यंत फळीचा विचार करू नये.

मग साधे विंडसर्फिंग, आणि ते हातात बसल्यावर फॉइल. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, शिवाय विंडसर्फिंग शिकवणारे इतरही आहेत. शिक्षकाचा अनुभव, सुटकेसाठी सोबत होडी आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. विचारायला संकोच कसला?

पावसाळ्यात मुळीच नाही. कोकणचे कोळीही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात. हिवाळा आणि उन्हाळ्याचा आरंभ चांगला. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. शिकाऊ माणसाने मतलई वाऱ्यावर कधीही उतरू नये. तो वारा किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि परतणे जमत नाही.

फॉइलसाठी पाणी निदान छातीइतके खोल हवे, नाहीतर खांब तळाला टेकतो आणि माणूस तोंडावर आपटतो. डोक्याला हेल्मेट, अंगात तरंगणारे जाड जाकीट, पायांत पाण्यातले बूट. पंखाच्या कडा धारदार असतात, त्यासाठी अंगभर घट्ट पोशाख घालतात. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा असतो तो, तेव्हा ‘असले कपडे कसे घालायचे’ ही काळजी नको.

पडाल तर सूर मारल्यासारखे पडू नका. पाठीवर किंवा कुशीवर, पसरून पडा, आणि वर येताना एक हात डोक्यावर धरा. वर फळी किंवा शीड असू शकते.

चक्कर येण्याचा विकार, कानाच्या पडद्याला छिद्र, हाडांचा ठिसूळपणा, गुडघ्याचे किंवा मणक्याचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदरपणी तर नाहीच.

पहिल्या दिवशी पन्नास वेळा पडायला होते. तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पाणी मऊ आहे आणि बघणारे तितकेच वेळा पडून शिकलेले आहेत. आपल्याला लहानपणी चालताना पडायची लाज वाटली नव्हती, म्हणून तर आपण चालायला शिकलो.

आणि फळीचा योग कधी आलाच नाही, तरी काही बिघडत नाही. आज रात्री दात घासताना बेसिनला एक बोट टेकवून एका पायावर उभ्या राहा. दहापर्यंत मोजा, मग दुसरा पाय. सासूबाई किंवा आई घरात असतील तर त्यांना खुर्ची धरून, जवळ उभे राहून करवून घ्या. आठवडाभराने बोट काढून पाहा. आणि महिन्याने मोजा, आकडा कुठवर गेला ते.